निमाडचा उन्हाळा आणि हृदय

धारहून विंध्याचा घाट उतरून कुक्षीकडे येणाऱ्या वाटसरूला ऋतूचा फरक अंगावरच कळतो. धार माळव्याच्या पठारावर, तर कुक्षी नर्मदेलगतच्या सखल निमाडात. दोन्ही गावे एके काळी पवारांच्या धार संस्थानात होती. परंतु राज्य एक असले तरी उन्हाळा एक नव्हता.

या निमाडाची मराठी इतिहासात एक दुःखद नोंद आहे. १७४० च्या फेब्रुवारीत मुंगीपैठणच्या तहाने हंडिया व खरगोण हे प्रांत पहिल्या बाजीरावांना मिळाले. त्यांची व्यवस्था लावण्यास ते तिकडे गेले आणि २८ एप्रिल रोजी, ऐन वैशाखात, कुक्षीच्या पूर्वेस नर्मदातीरी रावेरखेडी येथे ज्वराने निवर्तले. वय अवघे ३९. तो ज्वर उष्माघाताचा असावा, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही.

उष्म्याने हृदयावर काय ओढवते, हे मात्र वैद्यकाने स्पष्ट केले आहे. अंग निववण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते. घामावाटे पाणी व क्षार जातात. रक्ताचे आकारमान घटते आणि हृदयाला अधिक वेगाने चालावे लागते. निरोगी हृदय हे सोसते. वृद्धांचे वा दुखणाइतांचे खचू शकते. उन्हाची सवय अंगी बाणण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामातील पहिली लाट विशेष घातक ठरते.

भर दुपारी शेतकरी झाडाखाली बसतो, तेव्हा त्याचे हृदयही विसावते. रोजंदारीच्या मजुराला तो विसावा मागून मिळत नाही. पाणी, सावली आणि दुपारची सुटी त्याला देणे, हे काम देणाऱ्याचे कर्तव्य होय.