शर्यतीतली शेगडी

कॅनडातल्या कॅल्गरी स्टॅम्पीड या गुराखी-खेळांच्या जत्रेला चकवॅगनची शर्यत पाहायला गेलात, तर नजर गाडीच्या मागे उभ्या असलेल्या स्वारावर ठेवा. भोंगा वाजतो, चार घोड्यांची गाडी हिसका देऊन सुटते आणि तो पायाशी ठेवलेलं एक डबडं उचलून गाडीत भिरकावतो. मग बिथरलेल्या आपल्या घोड्यावर पळत पळतच मांड टाकतो. गाडी दोन पिंपांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढून धावपट्टीवर शिरते. ते डबडं म्हणजे शेगडी. ती गाडीत पडली नाही, तर दंडाचे सेकंद चढतात. शर्यतीत शेगडी कशाला, या प्रश्नाने मला पछाडलं.

चकवॅगन या गाडीचा जन्म सर्वज्ञात आहे. 1866 साली टेक्सासात चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने लष्करातली जुनी गाडी घेतली आणि तिच्या पाठीला कप्प्यांचं कपाट ठोकलं. कपाटाचं दार खाली पाडलं की ओटा तयार. गुरांबरोबर महिनोन्‌महिने चालणाऱ्या गुराख्यांचं हे फिरतं स्वयंपाकघर पुढे गुरांमागोमाग कॅल्गरीच्या अल्बर्टा प्रांतात पोचलं.

शर्यत मात्र 1923 ची. ती सुरू केली स्टॅम्पीडचा जनक वीडिक याने. त्याला ती सुचली कशी, यावर मतं फुटतात. एक पक्ष ओक्लाहोमाकडे बोट दाखवतो: 1893 मध्ये फुकट जमिनीसाठी हजारो लोकांनी गाड्या पिटाळल्या, तेच हे दृश्य. मला हे पटत नाही. तिथे धाव जमिनीकडे होती, तळ आवरण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा पक्ष म्हणतो, हंगाम संपला की गुराखी गावातल्या दारूच्या गुत्त्यापर्यंत गाड्यांची चुरस लावत. असेलही, पण मग नुसती धाव पुरली असती. रोमन रथांची आठवण काढणारेही आहेत. त्यांनी रथात शेगडी दाखवावी.

माझं म्हणणं असं की या खेळाचा धागा आचाऱ्याकडे जातो, आणि त्याचा पुरावा शेवटच्या रेषेवर आहे. सुरुवातीच्या काळात रेषा ओलांडून भागत नसे. घोडे सोडायचे, कनात ताणायची, शेगडी पेटवायची. जिच्या शेगडीतून पहिला धूर निघेल ती गाडी जिंकली. म्हणजे तळ उठवण्यापासून नवा तळ मांडण्यापर्यंतचा आचाऱ्याचा अख्खा दिवस काही मिनिटांत कोंबला होता. टेक्सासच्या वाटेवर स्वयंपाक बहुतेक उघड्यावर, खणलेल्या चरीवर होई. त्यामुळे शेगडीचा हा हट्ट मला अल्बर्टाच्या थंडीतला वाटतो. आठचा आकडा मात्र वीडिकचाच असणार. तो रंगमंचावर दोरखेळ करणारा कलावंत, बायको फ्लोरेस लाड्यू त्याच कलेत निष्णात. तळ सोडताना कोण असा आकडा काढतो? पण प्रेक्षागृहासमोर ते वळण घेताना सारथ्याचं कसब उघड दिसतं. काम आचाऱ्याचं, मांडणी नटाची.

पुढे धुराचा नियम रद्द झाला. बिडाच्या शेगडीऐवजी हलकी नकली आली. गाडीवरच्या ताडपत्रीचा 1979 पासून जाहिरातदारांसाठी लिलाव होतो. दर गाडीमागच्या चार स्वारांचे दोन झाले, कामाच्या घोड्यांची जागा शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडनी घेतली. 2019 मध्ये सहा घोडे दगावले आणि 2022 पासून एका फेरीत चारऐवजी तीनच गाड्या सोडतात. हा बदल मला मनापासून पटतो. पहिल्या वळणावर चार गाड्या एकमेकींना खेटताना पाहणं जिवावर येई.