माळवदावरची माती



गेल्या वर्षी धाकट्या मुलाने मनावर घेतले की बार्शीकडच्या आमच्या जुन्या घरावर वरचा मजला चढवायचा. सासूबाईंना ते घर सोडवत नाही आणि दिवाळीला सगळे जमलो की खोल्या पुरत नाहीत. मागणी रास्तच होती. इंजिनियर आले. मला वाटले, आधी पाया विचारतील. त्यांनी शिडी मागितली, वर गेले, पहार घातली आणि वरूनच विचारले, "काकू, इथे किती वर्षं माती टाकताय?"

या प्रश्नाने मला आपल्याच घरांचा इतिहास शोधायला लावले.

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात पाऊस बेताचा आणि ऊन जबर. कौलारू उतरत्या छपराची कोकणासारखी गरज इथे कधी पडली नाही. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, लाकडाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, असे आपले माळवद. उजेडाला आणि धुराला सवणे. उन्हाळ्यात खाली माजघर गार राहते, वर सांडगे-पापड वाळतात, रात्री अंथरुणे पडतात. गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेतली ती चिकट माती पाणी पटकन आत जाऊ देत नाही. तरी उन्हाने तिला भेगा पडतातच. म्हणून दरवर्षी मृगाच्या आत नवी माती आणायची, पसरायची, चोपायची. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून पाट्या उचलत आल्या. मीही उचलल्या आहेत. जुनी माती काढून नवी टाकावी, असे मात्र कोणी केले नाही. गळती थांबली की काम झाले.

आमच्या माळवदावर दोन फूट माती निघाली. मी बी.कॉम., आकडा दिसला की गुणाकार सुटत नाही. वीस बाय तीस फूट, म्हणजे सहाशे चौरस फूट. गुणिले दोन, बाराशे घनफूट. म्हणजे बारा ब्रास. एका ब्रासला साडेचार टनांच्या आसपास धरले तरी पन्नास टनांच्या वर. प्रवाशांनी भरलेल्या तीन एसटी गाड्या माजघराच्या डोक्यावर! पावसात भिजली की आणखी जड. इंजिनियर म्हणाले, "एवढ्या वजनात पातळ विटांच्या भिंतींचा, स्लॅबचा एक अख्खा मजला होतो." म्हणजे आम्ही ज्याचा नकाशा काढायला त्यांना बोलावले होते, तो मजला आमच्या घरावर आधीच चढला होता. पाटी-पाटीने, कोणाला न विचारता.

आता १९९३ आठवा. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, आपल्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. गावोगावी गणपतींचे विसर्जन करून माणसे उशिरा झोपलेली. ३० तारखेच्या पहाटे, चारला चार मिनिटे असताना, किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कोयनेचा १९६७ चा भूकंप म्हणजे धरणाकडचा, आपल्याला त्याचे काय, अशीच सगळ्यांची समजूत होती.

धक्का फार मोठा नव्हता. यापेक्षा मोठे भूकंप देशात होऊन गेले आहेत. माणसे गेली ती घरांखाली. आपली रुंद भिंत दिसते एक, पण असते दोन: आतला पदर, बाहेरचा पदर आणि मध्ये दगडगोटे नि माती. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार लांब दगड बहुतेक घरांत नव्हता. हादऱ्याने पदर सुटले आणि वर्षानुवर्षांच्या मातीसकट माळवद झोपलेल्यांवर आले. जिथे माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर होते, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही खण उभे राहिले. कुडाच्या झोपडीतला गरीब वाचला आणि दगडी वाड्यातला दबला, हे तेव्हा जो तो सांगत होता. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली. जी घरे दुरुस्त करण्यासारखी होती, त्यांच्यासाठीच्या सूचनांत माळवदावरची माती कमी करा, हेही होते. आमच्यापर्यंत ते पोचले नाही. शंभर किलोमीटरवर होतो. माजघराच्या कोपऱ्यात एक तडा गेला, तो आम्ही मातीनेच लिंपला. आणि पुढच्या मृगाला वर पुन्हा पाट्या टाकल्या.

खाली जड, वर हलके, हे जुन्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. शनिवारवाडाच बघा. खालचे काम दगडी, वरचे मजले विटांचे आणि लाकडाचे. १८२८ च्या आगीत वरचे सारे गेले, दगड राहिला. (आधी वरचा मजला आणि मग खालचा, ही चैन फक्त डोंगर कोरणाऱ्यांची. वेरूळच्या आपल्या इंद्रसभेत वरचा मजला पुरा नटलेला आहे, खालचा अर्धवटच राहिला.)

मुलाचे म्हणणे, पन्नास टन काढू आणि पन्नास टनांचा मजला चढवू, हिशेब बरोबर. इंजिनियरांनी ते मोडून काढले. वजन जितके उंच तितका हादऱ्यात हेलकावा जास्त, आणि खालची भिंत तीच सुट्या पदरांची. शेवटी ठरले ते असे: काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत खड्डे, तिथून स्वतंत्र कॉलम, नवा मजला त्यांच्यावर. जुन्या भिंतीला त्याचा भार नाही. कॉलमांचा खर्च ऐकून हे दोन दिवस बोलले नाहीत.

सासूबाईंना मात्र खर्चाचे नव्हे, मातीचे दुःख. "माझ्या हातची आहे ती," म्हणाल्या. पावसाळ्यात मातीत किती जीव असतात, म्हणून चातुर्मास संपेपर्यंत थांबलो. कार्तिक पौर्णिमेनंतर माती उतरवायला घेतली. पहार लागली तसे थरावर थर दिसत गेले, वहीच्या पानांसारखे. एका थरात भुसा, एकात बांगडीचा हिरवा तुकडा. तो सासूबाईंनी ठेवून घेतला. बारा ब्रास माती शेतात गेली.

मजला झाला. यंदा मृगाच्या पहिल्या पावसात सासूबाईंनी माजघरात गळतीच्या जुन्या जागी पातेले मांडलेच.

तुमच्या सासरी-माहेरी माळवद असेल तर एकदा पहार घालून बघा. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, भागिले शंभर, म्हणजे ब्रास. किती भरली ते मला कळवा.