लामरमार्क्टच्या पोटातल्या गाड्या

नेदरलँड्समधल्या लायडनच्या लामरमार्क्ट चौकात पूर्वी गुरांमेंढरांचा बाजार भरे. विसाव्या शतकात तिथं मोटारी उभ्या राहू लागल्या. दारात गाडी म्हणजे सुबत्ता, असं इथंही लोक मानत होते. मग तेलसंकट आलं आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवारी देशभर खासगी मोटारींना बंदी झाली. रिकाम्या महामार्गांवर माणसं सायकली, घोडे घेऊन उतरली.

मला मात्र २०१७ साल अधिक मोलाचं वाटतं. त्या वर्षी या चौकाखाली विहिरीसारखा गोल, सात मजली वाहनतळ सुरू झाला. खोली सुमारे २२ मीटर, जागा पाचशेहून जास्त. वर १७४३ ची ‘द फाल्क’ पवनचक्की आता मोकळी दिसते. गाड्यांनी अडवलेली जमीन शहरानं पैसे मोजून परत मिळवली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आमच्याकडे गाडी नाही. पुढं लाकडी पेटी असलेली सायकल आहे. तिच्यात लेक बसते, पायाशी बटाटे आणि कोथिंबीर. पुण्याचा भाऊ फोनवर नव्या गाडीचा हप्ता सांगतो, तेव्हा मी विचारते, “अरे, पण ती लावणार कुठं?”