ताटातले तूप आणि रक्तातली वसा

आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपण विनातक्रार मानतो. रक्तातल्या स्निग्धांशाविषयीही लोकांची समजूत अशीच आहे : जे तूप-तेल ताटात, तेच रक्तात. या समजुतीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. कारण ती पुरती खरी ठरली नाही, आणि पुरती खोटीही नाही.

वादाला तोंड फुटले ते १८४० नंतर. दूमा आणि बूसँगो हे फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणत, चरबी निर्माण करावी वनस्पतींनी. प्राण्यांनी ती आयती घ्यावी. जर्मनीत लीबिख यांचा पक्ष नेमका उलटा होता : पिष्टान्न व साखर यांपासून प्राण्याचे शरीर स्वतःच चरबी बनवते. निवाडा अखेर जनावरांच्या खुराड्यात झाला. बूसँगो यांनी स्वतः जनावरे पोसून पाहिली व प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य केले. पुढे इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे लॉझ व गिल्बर्ट यांनी डुकरांचा हिशेब मांडला, तेव्हा खाल्लेल्या चरबीहून अंगावर चढलेली चरबी पुष्कळ अधिक भरली. शरीर हा नुसता पोहरा नव्हे. त्याला स्वतःचा झराही आहे.

मग मते दुसऱ्या टोकाला गेली. शरीर चरबी करू शकते, तर अन्नात ती नसली म्हणून काय बिघडले? १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने याचे उत्तर दिले. स्निग्धांश कटाक्षाने वगळलेल्या अन्नावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, मूत्रपिंडे बिघडली. त्यांना संपृक्त वसाम्लांचा उपयोग झाला नाही. लिनोलिक आम्लाने मात्र ते सुधारले. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच्याच लॅटिन नावावरून या आम्लाला नाव मिळाले. आमच्या करडईच्या तेलात तर ते विपुल असते. हे आम्ल शरीराला बनवता येत नाही.

माणसाचे काय? बर यांचे सहकारी विल्यम ब्राउन यांनी सहा महिने जवळजवळ स्निग्धरहित आहार घेतला. तो वृत्तांत १९३८ साली प्रसिद्ध झाला. उंदरांसारखा रोग त्यांना जडला नाही, परंतु त्यांच्या रक्तातली लिनोलिक व अ‍ॅरॅकिडोनिक आम्ले घटली. देहावर काही दिसत नसताना ताटातली उणीव रक्ताने सांगितली.

१९५२ साली जेम्स व मार्टिन यांनी वायुरूपात पदार्थ वेगळे करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि एकेका वसाम्लाचे मोजमाप सुकर झाले. १९७० साली बँग व डायरबर्ग हे डॅनिश संशोधक ग्रीनलंडला गेले. सील व मासे खाणाऱ्या तेथील इन्युइटांच्या रक्तात सागरी वसाम्ले भरपूर आढळली. डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या इन्युइटांचे रक्त मात्र डॅनिश लोकांच्या जवळ गेलेले होते. वंश तोच, ताट बदलले, रक्त बदलले. इन्युइटांना हृदयविकार विरळा, या तेव्हाच्या मतावर पुढे शंका घेतल्या गेल्या. रक्ताची साक्ष मात्र टिकली.

मग आडाची म्हणच खरी म्हणावी काय? २०१४ साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी सोळा माणसांना टप्प्याटप्प्याने पिष्टमय पदार्थ वाढवून व संपृक्त चरबी घटवून आहार दिला. आहारात ही चरबी इतकी कमीजास्त झाली, तरी रक्तातल्या एकूण संपृक्त वसाम्लांत फारसा फरक पडला नाही. पिष्टान्न वाढले तसे पामिटोलेइक आम्ल मात्र वाढत गेले. हे आम्ल शरीर स्वतःच बनवते. लीबिख यांचा झरा पुन्हा दिसला, तो असा. प्रयोग लहान होता, आणि त्यावरून तूप निर्दोष ठरत नाही. कोलेस्टेरॉलचा प्रश्न निराळा आहे.

या इतिहासातून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. जी वसाम्ले शरीराला करता येत नाहीत, त्यांच्याबाबत रक्त ताटाची प्रामाणिक साक्ष देते. जी त्याला करता येतात, त्यांच्याबाबत साक्ष घ्यावयाची तर तेलाच्या बुधलीइतकीच साखरेच्या डब्याचीही उलटतपासणी केली पाहिजे.