सामाईक भिंतीतील ध्वनिवहन

सामाईक भिंतीतील ध्वनिवहन म्हणजे दोन घरांना जोडणाऱ्या भिंतीतून एका बिऱ्हाडातील आवाज दुसऱ्या बिऱ्हाडात पोहोचण्याची क्रिया होय. चाळी, बैठी जोडघरे, रो-हाउस आणि सदनिका अशा सर्वच ठिकाणी हा प्रश्न आढळतो. शेजाऱ्यांतील अनेक वादांचे मूळ त्यात असते.

ध्वनिवहनाचे प्रकार

बोलणे, दूरचित्रवाणी, गायन यांचा आवाज प्रथम हवेतून भिंतीवर आदळतो व तिला कंपित करतो. याला हवाजन्य ध्वनी म्हणतात. खलबत्त्यात कुटणे, खिळा ठोकणे, कपाटाचे दार आपटणे यांमुळे आघात थेट बांधकामात शिरतो. हा आघातजन्य ध्वनी होय. तो तुळया, लाद्या व नळांमधून दूरवर जातो. त्यामुळे कोणत्या घरातून आवाज येतो याचा अंदाज पुष्कळदा चुकतो आणि निरपराध शेजाऱ्याकडे बोट दाखवले जाते.

भिंत जितकी जड, तितका हवाजन्य ध्वनी कमी पार होतो. सैद्धांतिकदृष्ट्या प्रति चौरस मीटर वस्तुमान दुप्पट केल्यास सुमारे 6 डेसिबलची घट मिळते. म्हणूनच नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा साडेचार इंची भिंत आवाज अधिक जाऊ देते, आणि जुन्या चाळींतील लाकडी फळ्यांचे आडोसे तर जवळजवळ काहीच अडवत नाहीत. मात्र जड भिंतीलाही एक फट निकामी करू शकते. पाठीला पाठ लावून बसवलेल्या स्विचपेट्या, गिलाव्याविना राहिलेला छताखालचा भाग, नळाभोवतीची पोकळी ही नेहमीची उदाहरणे आहेत.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय फटी बुजवण्याचा. तो आधी करावा. धुलाईयंत्र व मिक्सरखाली रबरी गाद्या ठेवणे, ध्वनिक्षेपक सामाईक भिंतीवर न टांगणे, हे उपाय आवाज करणाऱ्या घरातच होऊ शकतात. ऐकणाऱ्याच्या बाजूने मूळ भिंतीला न टेकणारा स्वतंत्र सांगाडा उभारून, मधल्या पोकळीत रॉकवूल भरून, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर बसवता येतात. अशाने खोलीची रुंदी काही इंचांनी घटते. तोच बोर्ड लाकडी पट्ट्यांवर भिंतीला घट्ट ठोकल्यास लाभ अल्प होतो. खालच्या स्वरांबाबत तर स्थिती बिघडूही शकते. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवणे हा लोकप्रिय गैरसमज आहे. फोम खोलीतील प्रतिध्वनी शोषतो, पलीकडचा आवाज अडवत नाही.

न्यायालयीन निर्णय

क्रिस्टी विरुद्ध डेव्ही (1893) या इंग्लंडमधील खटल्यात संगीतशिक्षिकेच्या घरातील शिकवणीला कंटाळलेल्या शेजाऱ्याने सामाईक भिंतीवर ठोकणे, तबके बडवणे, शिट्ट्या मारणे असा सूड उगवला. न्यायाधीश नॉर्थ यांनी हे कृत्य हेतुपुरस्सर त्रास देण्यासाठी असल्याचे ठरवून त्याच्याविरुद्धच मनाईहुकूम दिला. मूळ तक्रार कितपत रास्त होती, हा प्रश्न त्या ठोकाठोकीमुळे मागे पडला. याउलट 1999 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने साउदर्क विरुद्ध मिल्स या प्रकरणात, घराचा नेहमीचा वापर हा उपद्रव ठरत नाही, भिंती कितीही पातळ असोत, असा निर्णय दिला.

भारतातील तरतुदी

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत 55 डेसिबल व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वाढू नये, असेही बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये नकोशा आवाजापासून मुक्ततेचा संबंध राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काशी जोडला. तथापि ही मानके परिसरातील ध्वनिपातळीची आहेत. भिंतीपलीकडील पावलांचा वा मुलांच्या धावपळीचा आवाज त्यांत क्वचितच बसतो. अशा तक्रारी बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या समितीपुढे येतात. सततचा उपद्रव सिद्ध झाल्यास दिवाणी न्यायालयाकडे मनाईहुकूम मागता येतो. त्यासाठी तारीख, वेळ व आवाजाचे स्वरूप यांची नियमित नोंद उपयोगी पडते.