बाल्सा लाकडाचा व्यापार
बाल्सा (लॅ. ऑक्रोमा पिरॅमिडेल) हे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील अतिशय हलके लाकूड. वनस्पतिशास्त्रीय वर्गीकरणात ते कठीण लाकडांत मोडते. प्रत्यक्षात त्यावर नखानेही खूण उमटते. स्पॅनिशमध्ये ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. जागतिक पुरवठ्यात एक्वादोर अग्रेसर आहे. पापुआ न्यू गिनीतही लागवड होते. झाड पाच-सहा वर्षांत तोडणीस येते. ओल्या लाकडात पाणी फार असते, म्हणून ते भट्टीत वाळवून, फळ्या चिकटवून ठोकळ्यांच्या रूपात निर्यात करतात. दुसऱ्या महायुद्धात ‘मॉस्किटो’ विमानांत ते वापरले गेले. आज त्याची मोठी मागणी पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यासाठी आहे. २०२० च्या सुमारास चीनमधील मागणी वाढली, तेव्हा ॲमेझॉन खोऱ्यातील आदिवासींच्या प्रदेशात बेसुमार तोड झाली. स्वच्छ ऊर्जेची किंमत या जंगलांनी मोजू नये, यासाठी लागवडीतील लाकडाचाच व्यापार व्हायला हवा.