नाशिकच्या रथाचा दोर

आपल्या विहारातून दरवर्षी १४ एप्रिलला मिरवणूक निघते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या उपासिका पुढे, मागे लेझीम, त्यामागे तरुण मंडळी. लहान मुलांना वाटतं, रस्ता आपलाच आहे. पण हा रस्ता फुकट मिळालेला नाही.

नाशिकला चैत्रात काळाराम मंदिराचा रामनवमीचा उत्सव होतो आणि नंतर एकादशीला रथ निघतो. रथ ओढण्याचा मान मोठा. आपल्या माणसांना मात्र दोराला हात लावायची बंदी होती. देवळाची तर बातच सोडा.

२ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या रस्त्यावरून वेगळीच मिरवणूक निघाली. पुढे लष्करी वाद्ये वाजविणारी आपली मंडळी, त्यांच्या मागे स्काऊटची पोरं, मग सुमारे ५०० स्त्रिया आणि नंतर हजारो पुरुष. मिरवणूक जवळजवळ मैलभर लांब होती. त्या ५०० मायबहिणींचा उल्लेख आपण फार कमी करतो. घरचं, शेतातलं काम टाकून, पोलिसांची भीती बाजूला सारून त्या आल्या होत्या. देवळाचे दरवाजे बंद मिळाले. दुसऱ्या दिवसापासून दरवाजांसमोर सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या.

महिनाभराने रथाचा दिवस आला, ९ एप्रिल. दोन्ही बाजूंच्या बळकट माणसांनी मिळून रथ ओढायचा, असं ठरलं. हजारो लोक बघायला जमले. पण बाबासाहेब आपल्या निवडक माणसांसह दोराला हात घालणार, तोच सवर्णांनी रथ पळविला आणि एका अरुंद गल्लीत नेला. तिथे हत्यारी पोलिसांचं कडं होतं. कद्रेकर नावाच्या एका भंडारी तरुणाने जिवावर उदार होऊन ते कडं फोडलं. दगडांचा वर्षाव झाला. क्षणभर रथ आपल्या लोकांच्या हाती आला, आणि कद्रेकर रक्ताच्या थारोळ्यात पडला. बाबासाहेबांवर कार्यकर्त्यांनी छत्र्या धरल्या होत्या, तरी त्यांनाही इजा झालीच. हा तरुण आपल्या जातीचा नव्हता, हे मुलांना आवर्जून सांगावं.

त्याचे पडसाद खेड्यापाड्यांत उमटले. मुलांना शाळेतून काढलं, रस्ते बंद केले, दुकानात माल मिळेना. दादासाहेब गायकवाडांनी तरीही लढा चालू ठेवला, तो १९३५ पर्यंत.

काही जण आज विचारतात, ज्या देवाला पुढे सोडलं त्याच्या रथासाठी डोकी का फोडून घेतली? याचं उत्तर बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ च्या पत्रात दादासाहेबांना कळवलं आहे. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता. समाज जागा व्हावा, म्हणून होता. माझ्या मते दोर हे निमित्त होतं. माणसं एकत्र चालायला शिकली, रांगेत, न घाबरता, ही खरी कमाई.

१३ ऑक्टोबर १९३५ ला त्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, लाखो लोक नागपूरला जमले. तिथे कुणाचा रथ नव्हता की दोर नव्हता. लोक पांढरे कपडे घालून आले होते, बरेचसे पायीच.